प्रार्थनाही आणि जागलही: भेव लागते तेव्हा काय काय करायचं

वऱ्हाडात भीतीला ‘भेव’ म्हणतात आणि ते ‘लागते’, तहान लागावी तसं. तहान लागली म्हणून कोणी कोणाला पापी ठरवत नाही. भेव लागलं असं मंडळीत (चर्चच्या लोकांत) बोलून दाखवलं की मात्र बहुतेक वेळा पहिलं उत्तर येतं, “विश्वास कमी पडतो तुमचा.” हा लेख नव्यानं ख्रिस्ती विश्वासात आलेल्यांसाठी आहे. जन्मापासून चर्चच्या चटईवर बसलेल्या, पण रात्री दोनला छाती धडधडते तेव्हा नेमकं काय करायचं हे कोणी न सांगितलेल्यांसाठीही आहे.

आधी बायबलातली एक ओळ वाचून घ्या: नहेम्या ४:९, म्हणजे नहेम्याच्या पुस्तकातला अध्याय ४, ओवी ९. यरुशलेमचा कोट बांधणं चालू आहे, शत्रू चालून येणार अशी बातमी आहे. लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. एकाच वाक्यात दोन्ही. रोही (नीलगाय) आणि डुकरं वावरात शिरतात म्हणून माळ्यावर जागल, म्हणजे रात्रभर राखण, करणाऱ्या कास्तकाराला याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका ओळीवर उभ्या आहेत.

काय काय लागेल

- मराठी बायबल. भाषांतरं वेगवेगळी आहेत आणि शब्द बदलतात, म्हणून पाठांतराला एकच धरा. तुमच्या मंडळीत वाचतात ते.
- शंभर पानी वही आणि पेन. मोबाईलमध्ये लिहू नका. रात्री मोबाईल उघडला की वहीऐवजी व्हॉट्सॲप उघडतं.
- मंडळीतलं गीतपुस्तक.
- दोन माणसांचे फोन नंबर, वहीच्या पहिल्याच पानावर. एक मंडळीतलं आणि एक घरातलं किंवा शेजारचं.
- त्याच पानावर तीन नंबर: रुग्णवाहिका १०८, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६, वनविभागाची हेल्पलाइन १९२६.
- दिवसातली वीस मिनिटं. झुंजुरकाची, म्हणजे पहाटेची, असली तर उत्तम, कारण दिवसभराच्या कामात ती पुन्हा हाती लागत नाहीत.

वाचता येत नसेल तर अडत नाही. ऑडिओ बायबल मोबाईलवर मिळतं, आणि वही लिहायला शाळेत जाणारा नातू पुरतो. फक्त त्याच्यासमोर कर्जाचे आकडे बोलायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.

१. भेवाला पूर्ण नावानं बोलवा

“टेन्शन आहे” असं लिहू नका. त्यावर धड प्रार्थनाही होत नाही आणि उपायही सापडत नाही. वहीत तारीख टाका आणि कशाचं, किती, कधीपर्यंत हे लिहा. नमुना असा:

“१२ ऑक्टोबर. सोसायटीच्या पीककर्जाचे ८२ हजार ३१ मार्चच्या आत भरायचे आहेत. घरात २० हजार आहेत. सोयाबीन सोंगून पडलं आहे आणि आभाळ भरून आलं आहे. भेव हे आहे, की पीक गेलं तर सावकाराकडे जावं लागेल.”

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. बहुतेक वेळा वरचं भेव एक असतं आणि खालचं दुसरंच निघतं. मुलीच्या परीक्षेची काळजी म्हणून लिहायला बसलेल्या माणसाच्या हातून शेवटी निघतं, “पाहुण्यांत नाक कापलं जाईल.” “आणि मग काय होईल?” असं तीनदा विचारा, खालचं वर येतं.

एका वेळी एकच भेव लिहा. सात-आठ एकदम लिहिली की वहीच भेव घालते.

२. आधी भाकर, पाणी, झोप

ही पायरी लोक हमखास गाळतात. १ राजे १९ वाचा. ईजबेल राणीनं जिवे मारायची धमकी दिली तेव्हा एलीया संदेष्टा रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि “आता पुरे, मला मरण दे” म्हणाला. आदल्याच अध्यायात त्यानं कर्मेल डोंगरावर शेकडो लोकांसमोर हिमतीनं उभं राहून दाखवलं होतं. देवानं त्याला प्रवचन दिलं नाही. तो झोपला, दूतानं उठवलं, तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खाल्लं, पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवलं, पुन्हा खाल्लं. बोलणं त्यानंतर, बऱ्याच दिवसांच्या वाटचालीनंतर झालं.

म्हणून भेव दाटलं असेल त्या दिवशी:

- शेवटचं जेवण कधी झालं ते पाहा. सहा तासांहून जास्त झाले असतील तर आधी जेवा, मग प्रार्थनेला बसा. भेवाच्या दिवसांत उपास धरू नका. शुगरची गोळी चालू असेल तर मुळीच नाही.
- चहा मोजा. दिवसाला सहा-सात कप आणि वरून खर्रा (तंबाखू-सुपारी) असेल, तर धडधडीतला काही वाटा त्यांचा आहे. सैतानाच्या नावावर सगळं टाकू नका.
- श्वास चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, पाच मिनिटं. आत घेताना मनात “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे”, सोडताना “मला काही उणे पडणार नाही”. सोडणं लांबलं की नाडी हळू होते. यात जादू नाही, शरीराची रचनाच तशी आहे.

मन गाण्यात रमत असेल तर गा, आणि मोठ्यानं गा. गातानाही श्वास लांब सोडावाच लागतो. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते (प्रेषितांची कृत्ये १६:२५). आपल्याकडे तर नारायण वामन टिळकांची भजनं आहेत. ते स्वतः काही वर्षं नागपुरात राहिलेले, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले. त्यांची चाल पेटीशिवायही तोंडात बसते.

३. प्रार्थना: स्तोत्र १३ चा साचा

“काय बोलावं सुचत नाही” ही नव्या माणसाची पहिली अडचण. त्यावर स्तोत्र १३ घ्या. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत तक्रार आहे, “किती वेळ?” असं दाविदानं देवाला चारदा विचारलं आहे. पुढच्या दोन ओव्यांत मागणी, शेवटच्या दोनमध्ये भरवसा. तक्रार, मागणी, भरवसा, याच क्रमानं. तक्रार गाळून थेट “धन्यवाद प्रभू” वर उडी मारली की प्रार्थना ओठांवरच राहते.

तुमच्या बोलीत बोला. देवाला पुस्तकी मराठीच कळते असं नाही.

“प्रभू, किती दिवस? सोयाबीन वावरात भिजून राह्यलं. मले झोप येत नाही, पोरांवर उगाच खेकसतो. उद्या सोसायटीत जाची हिंमत दे, साहेबासमोर खरं बोलू दे. तू मले विसरला नाही हे आज दिसत नाही, तरी तुह्याच हात धरून हावो. येशूच्या नावानं, आमेन.”

एवढी पुरे. दोन मिनिटं लागतात. येशूनं स्वतः गेथशेमाने बागेत, व्याकूळ होऊन, एकच मागणी पुन्हा पुन्हा केली (मार्क १४:३२-४२). सोबतीला तीन शिष्यांना घेऊन गेला होता, ते झोपले. म्हणजे भेव लागणं पाप असतं तर ही गोष्ट शुभवर्तमानात ठेवलीच नसती.

शेवटच्या दोन ओव्या एखाद्या दिवशी तोंडून निघणार नाहीत. तेव्हा तक्रारीवरच थांबा. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे.

४. वचनं पाठ करा, पण आगापिछा पाहून

आठवड्याला एक वचन. सोमवारी हातानं तीनदा लिहा, मंगळवारपासून रोज पाचदा मोठ्यानं म्हणा, शनिवारी न पाहता लिहून पाहा. निंदणाला बसलात तर पात (निंदायची ओळ) लागली की एकदा आणि सुटली की एकदा म्हणायचं. आठवड्यात इतक्या वेळा होतं की विसरायची सोय राहत नाही.

कोणत्या भेवाला कोणतं:

- अचानक आलेलं, कशाचंही: स्तोत्र ५६:३-४. “भीती वाटेल तेव्हा” असं आहे, “वाटली तर” असं नाही. क्रमही बघा: आधी भीती, मग भरवसा, आणि पुढच्या ओवीत “मी भिणार नाही”. हे पलिष्टी शत्रूंनी दाविदाला गथ गावात धरलं तेव्हाचं स्तोत्र आहे, घरी बसून लिहिलेलं नाही.
- उद्याचं: मत्तय ६:३४. ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे.
- काळजीनं पोखरलेलं मन: फिलिप्पै ४:६-७. लिहिणारा पौल तेव्हा कैदेत होता.
- आपल्याला कोणीच नाही असं वाटतं तेव्हा: यशया ४१:१०.
- झोप न येण्याचं: स्तोत्र ४:८.
- करणी-भानामतीचं: रोमकरांस ८:३८-३९.

इथे तीन खड्डे आहेत.

पहिला: १ योहान ४:१८. “पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते” हे वचन भ्यालेल्या माणसाच्या तोंडावर मारलं जातं: तुम्ही भिता, म्हणजे प्रीती नाही. मागची ओवी वाचा. तिथे न्यायाच्या दिवसाबद्दल आणि शिक्षेच्या भीतीबद्दल बोलणं चाललं आहे. देव मला ठोकायला टपला आहे, ही भीती प्रीतीनं जाते. वाघाच्या भीतीबद्दल योहान तिथे काही म्हणत नाही.

दुसरा: डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आजचं. हे शकुन पाहणंच झालं, पोथी बदलली इतकंच. बायबल उशाखाली ठेवून झोप येते म्हणणाऱ्यांनीही विचार करावा. ताईत दंडावरून उशाखाली आला.

तिसरा किरकोळ आहे, पण ऐकायला येतो: “भिऊ नको” हे बायबलात बरोबर ३६५ वेळा आहे, वर्षाच्या दिवसांइतकं. मोजलं तर तेवढं भरत नाही. जिथे आहे तिथे पुरेसं आहे; वाढवून सांगायची गरज नाही.

५. पान मधोमध दुमडा: प्रार्थना आणि जागल

पहिल्या पायरीत लिहिलेल्या भेवासाठी नवं पान घ्या आणि मधोमध घडी घाला. डावीकडे ‘देवाच्या हातातलं’, उजवीकडे ‘माझ्या हातातलं’. पाऊस, बाजारभाव, डॉक्टरचा रिपोर्ट, दुसऱ्याचं मन डावीकडे. उजवीकडे फक्त क्रियापदं येऊ द्या: जाणे, विचारणे, भरणे, झाकणे. प्रत्येकापुढे वार लिहा. डाव्या बाजूसाठी प्रार्थना, उजव्या बाजूसाठी चप्पल.

कर्जाच्या भेवात उजवी बाजू साधारण अशी निघते: सातबारा आणि आठ-अ काढणे, बँकेतून किंवा सोसायटीतून कर्जखात्याचा उतारा घेणे, कारण बऱ्याच जणांना आपलं नेमकं देणंच माहीत नसतं, सावकाराचे पैसे असतील तर त्याच्याकडे परवाना आहे का ते बघणे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि अशा व्यवहारात गेलेल्या जमिनीसाठी सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. अर्ज लिहिताना हात थरथरला तरी चालतो, अर्ज चालतो.

उजवी बाजू रिकामी राहिली तर दोनपैकी एक समजा. एक तर ते भेव खरंच तुमच्या हाताबाहेरचं आहे, मग दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी ते देवापुढे ठेवायचं आणि वही बंद करायची. नाहीतर तुम्हाला उपाय माहीत आहे पण तो लिहायचा नाही. दुसरं जास्त वेळा निघतं.

६. रात्रीचं ओलित, साप आणि वाघ

गहू-हरभऱ्याला थ्री-फेजची लाईट रात्रीच्या पाळीत आली की वावरात पाणी द्यायला जावंच लागतं. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळच्या जंगलकाठच्या गावांत हे भेव खरं आहे. मनाचे खेळ म्हणून ते उडवू नका.

सैतानानं येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन “उडी टाक, दूत झेलतील” म्हटलं तेव्हा त्यानं स्तोत्र ९१ चाच आधार दिला होता. येशूनं उत्तर दिलं, देवाची परीक्षा पाहू नको (मत्तय ४:५-७). स्तोत्र ९१ म्हणत अनवाणी धुऱ्यावरून (बांधावरून) जाणं हीच ती उडी.

म्हणून घरून निघताना स्तोत्र १२१ म्हणा, आणि सोबत: गमबूट, चांगली बॅटरी, पाय टाकण्याआधी जमिनीवर आपटायला काठी, आणि दुसरं माणूस. वाघाच्या भागात वाकून काम करू नका, आवाज करत राहा, पाठ झाडोऱ्याकडे ठेवू नका. घरी जमिनीवर झोपू नका. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी. मण्यार रात्री झोपलेल्याला चावते, दुखत फारसं नाही, म्हणून कळत नाही.

साप चावला तर चिरा नाही, दोर आवळणं नाही, चोखणं नाही. हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी लस सरकारी रुग्णालयात मिळते. प्रार्थना गाडीत करायची. मार्क १६:१८ दाखवून “सापाचं विष विश्वासणाऱ्याला बाधत नाही” म्हणत थांबवणारा कोणी भेटला तर त्याच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, गाडी काढा.

७. दारात लिंबू सापडलं तर

नव्यानं विश्वासात आलेल्यांचं हे सगळ्यात चिवट भेव. देव्हारा बदलतो, पण अमावस्येला पोटात गोळा येतोच. उंबऱ्यावर हळद-कुंकू लावलेलं लिंबू किंवा टाचण्या टोचलेली बाहुली दिसली तर क्रम असा ठेवा: घरच्यांना एकत्र बोलवा, रोमकरांस ८:३८-३९ मोठ्यानं वाचा, झाडू आणि सूप घ्या, भरा, उकिरड्यावर टाका, हात धुवा, चहा ठेवा. पोरांसमोर करा. त्यांना तुमचा चेहरा दिसायला हवा, लिंबू नव्हे.

“हे कोणी केलं?” हा प्रश्न त्या घरात विचारायचा नाही. त्याचं उत्तर नेहमी एखाद्या एकट्या बाईच्या दारात जातं. कोणाला करणी करणारी ठरवून त्रास देणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि ख्रिस्ताच्या आज्ञेच्याही उलट. प्रार्थनेला आलेल्या पाहुण्यानं “शेजारणीची नजर आहे” असं सांगितलं, किंवा मंतरल्यासारखं तेल पैसे घेऊन दिलं, तर नम्रपणे चहा पाजून निरोप द्या. भगत बदलला, धंदा तोच.

८. एका माणसाला सांगा

भेव गुपचूप वाढतं. आठवड्याला एकदा, ठरलेल्या दिवशी, एका माणसाला वहीतलं पान दाखवा. माणूस निवडताना तीन गोष्टी बघा: तो ऐकून घेतो का, दुसऱ्यांच्या गोष्टी तुमच्याजवळ बोलतो का (बोलत असेल तर तुमच्याही बोलेल), आणि लगेच उपदेश सुरू करतो का. पाळकच असला पाहिजे असं नाही. बायांनी बाईलाच निवडावं. प्रार्थनासभेत साक्ष म्हणून चारचौघांत सांगायची घाई करू नका. कर्जाची आणि घरातल्या भांडणाची गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचते.

घरचे विश्वासात नसतील तर त्यांच्याशी या वहीवरून भांडण नको. रोज सकाळी शांत बसणारा माणूस त्यांना दिसतोच.

९. दवाखाना कधी

याद्या करून मनाची समजूत घालत बसायची एक हद्द आहे. खालीलपैकी काही असेल तर प्रार्थना चालू ठेवून दवाखान्यात जा:

- दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा भूक उडालेली आहे.
- धडधड, घाम, गुदमरणं वारंवार येतं. छातीत दुखत असेल तर आधी ईसीजी, भेव आहे असं गृहीत धरू नका.
- दारू वाढली आहे.
- जगून काय उपयोग, असं मनात किंवा तोंडी येतं.

शेवटचं असेल तर आजच, उद्या नव्हे. माणसाला एकटं सोडू नका. फवारणीच्या औषधांचे डबे घरातून काढून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा आणि किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या. १४४१६ वर रात्रंदिवस फुकट बोलता येतं, मराठीतही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात तरी ते पुढे पाठवतात. “असं कधी मनात येतं का?” असं सरळ विचारल्यानं कोणाच्या डोक्यात नवीन विचार घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. म्हणून विचारा.

गोळ्या सुरू झाल्या तर डॉक्टर सांगेल तोवर घ्या. लूक वैद्य होता, आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो (कलस्सै ४:१४). चंगाई सभेत (प्रार्थनेनं आजार बरे करायच्या सभेत) “आता औषध बंद करा, विश्वास दाखवा” असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. मनाच्या, फिटच्या किंवा बीपीच्या गोळ्या एकदम थांबवल्या की त्रास दुप्पट होऊन परततो आणि मग सांगणारा गावात नसतो.

१०. महिनाअखेरीला वही चाळा

शेवटच्या रविवारी उपासनेहून आल्यावर महिन्याची पानं काढा. प्रत्येक भेवाखाली वेगळ्या शाईनं लिहा, पुढे काय झालं: ‘झालं नाही’, ‘झालं, पण निभावलं’, ‘झालं आणि अजून दुखतं’, ‘अजून लटकलेलं’. चारही खरेपणानं लिहा. तिसऱ्या प्रकारचं पान फाडू नका. त्यावर पुढच्या महिन्यातही स्तोत्र १३ च्या पहिल्या दोन ओव्या म्हणायच्या आहेत.

‘अजून लटकलेलं’ असेल ते नव्या महिन्याच्या पहिल्या पानावर उतरवा आणि उजवी बाजू पुन्हा भरा. वार टाकायला विसरू नका. वही पेटीत ठेवा, दिवाणखान्यात नाही, पाहुणे चाळतात.